सिटीकॉर्प सेंटर: न्यूयॉर्कमधल्या खांबांवर उभ्या बँकेच्या टॉवरबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकवताना दरवर्षी एक तास मी या एका इमारतीसाठी राखून ठेवतो. ती उभी राहिल्यावर, १९७८ मध्ये, तिच्या डिझाइनमधली एक जीवघेणी चूक उघडी पडली आणि ती गुपचूप दुरुस्त केली गेली. तास संपला तरी मुलं उठत नाहीत, प्रश्न संपत नाहीत. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. इंजिनिअर नसलेल्यांनाही वाचता यावीत अशी मांडली आहेत, पण गणित जिथे टाळता येत नाही तिथे टाळलेलं नाही.

ही इमारत नेमकी कुठे आहे? बँकांचे टॉवर तर वॉल स्ट्रीटवर असतात ना?

वॉल स्ट्रीट मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, म्हणजे डाउनटाउनमध्ये. ही इमारत मिडटाउनमध्ये आहे. लेक्सिंग्टन अव्हेन्यू आणि थर्ड अव्हेन्यू यांच्यामध्ये, ५३ आणि ५४ नंबरच्या रस्त्यांच्या दरम्यान. सिटीबँकेचं मुख्यालय आधीपासून शेजारीच, ३९९ पार्क अव्हेन्यूला होतं. पसारा वाढला तसा बँकेला जवळच मोठा टॉवर हवा होता. १९७७ साली तो उभा राहिला: ५९ मजले, २७९ मीटर उंची, पांढरंशुभ्र ॲल्युमिनियम आणि काचेचे आडवे पट्टे. वास्तुरचनाकार ह्यू स्टबिन्स, स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लमेझर. (आडनावाचं स्पेलिंग फ्रेंच वळणाचं आहे, पण ते स्वतः 'लमेझर' असंच म्हणायचे.)

इतर इमारतींचे खांब कोपऱ्यात असतात. हिचे मध्येच का?

एका चर्चमुळे. या ब्लॉकच्या वायव्य कोपऱ्यात सेंट पीटर्स हे लुथरन पंथाचं जुनं चर्च होतं. बँक एकेक करून ब्लॉकमधल्या जागा घेत होती. चर्चने जागा द्यायची तयारी दाखवली, पण अट घातली: याच कोपऱ्यात आम्हाला नवं चर्च बांधून द्यायचं, ते टॉवरपासून स्वतंत्र असलं पाहिजे, आणि टॉवरचा एकही खांब त्यातून जाता कामा नये.

ही अट मला फार आवडते. पैसे घेऊन उपनगरात जायचा सोपा मार्ग त्यांच्यापुढे होता, पण ते शहर सोडून गेले नाहीत. या चर्चचं जॅझ संगीतकारांशी जुनं नातं होतं, ते नव्या वास्तूतही टिकलं. आतली मांडणी मासिमो आणि लेला विग्नेल्ली या दांपत्याने केली, आणि लुईस नेव्हेल्सन या शिल्पकार बाईंनी तिथलं छोटं पांढरं प्रार्थनागृह घडवलं.

कोपऱ्यात चर्च आलं म्हटल्यावर त्या कोपऱ्यात खांब देता येईना. लमेझर यांनी मग चारही खांब कोपऱ्यांतून काढून प्रत्येक बाजूच्या मधोमध आणले. खांबांची उंची ११४ फूट, म्हणजे साधारण नऊ मजली इमारतीएवढी. टॉवर तिथून वर सुरू होतो, आणि त्याचे चारही कोपरे ७२ फूट अधांतरी बाहेर येतात. चर्च त्यातल्या एका कोपऱ्याखाली आहे.

पण मग वरचं वजन जमिनीपर्यंत पोचतं कसं?

वर्गात मी बुटांचं रिकामं खोकं आणि चार खडू नेतो. खडू खोक्याच्या चार कोपऱ्यांखाली उभे केले की खोकं निवांत उभं राहतं. मग तेच खडू बाजूंच्या मध्यावर सरकवतो. एक पट्टी खोक्याच्या कोपऱ्यावर हलकीच ठेवली तरी कोपरा खाली झुकतो. खोक्याच्या बाजू कडक केल्याशिवाय हे चालणार नाही, हे मुलांना न सांगता कळतं.

लमेझर यांनी बाजू कडक केल्या त्या पोलादी ब्रेसिंगने. टॉवरच्या प्रत्येक बाजूवर आठ-आठ मजल्यांचे सहा टप्पे आहेत, आणि प्रत्येक टप्प्यात इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे दोन तिरपे दांडे. कोपऱ्यातलं वजन या दांड्यांवरून घरंगळत मध्यावरच्या खांबात येतं आणि तिथून खाली उतरतं. इमारतीच्या पोटात लिफ्टचा गाभा आहे, तोही आपला वाटा उचलतो. वारा मात्र जवळजवळ सगळा या दांड्यांच्याच अंगावर. स्टबिन्स यांनी हे दांडे दर्शनी भागावर दाखवले नाहीत, पत्र्याच्या आड ठेवले. त्यामुळे रस्त्यावरून पाहणाऱ्याला इमारतीची सगळ्यात सुंदर गोष्ट दिसतच नाही. माझी त्याबद्दल कायमची तक्रार आहे.

छप्पर तिरकं का आहे?

आधी तिथे गच्च्या असलेली घरं बांधायचा विचार होता, त्याला शहराची परवानगी मिळाली नाही. मग दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांच्या उतारावर सौरऊर्जेची तावदानं बसवायचं ठरलं. तेही परवडेना म्हणून सोडलं. उतार मात्र राहिला, आणि न्यूयॉर्कच्या आकाशरेषेत ही इमारत त्या उतारावरूनच ओळखू येते.

छपराखाली काँक्रीटचा मोठा ठोकळा आहे म्हणतात. खरं का?

खरं. ४०० टनांचा ठोकळा, तेलाच्या पातळ थरावर तरंगता ठेवलेला आणि स्प्रिंगांनी धरलेला. पोलाद कमी वापरल्यामुळे टॉवर उंचीच्या मानाने हलका होता, वाऱ्यात जास्त झुलला असता. टॉवर एका बाजूला झुकू लागला की हा ठोकळा मागे रेंगाळतो आणि त्याचा झोका जिरवतो. याला ट्यून्ड मास डँपर म्हणतात. अमेरिकेतल्या उंच इमारतींमधल्या पहिल्यावहिल्या डँपरपैकी हा एक. तो विजेवर चालतो, हे मात्र लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत त्याला महत्त्व आहे.

नेमकी चूक काय झाली?

दोन गोष्टी वेगवेगळ्या झाल्या. एकेकटी कदाचित निभावूनही गेली असती.

पहिली गोष्ट वाऱ्याची. तेव्हाच्या न्यूयॉर्कच्या नियमांप्रमाणे वारा इमारतीच्या बाजूवर सरळ आदळतो असं धरून हिशोब करायचा होता, आणि तसाच तो केला गेला. कोपऱ्यावर तिरपा आदळणारा वारा मोजला नव्हता. खांब कोपऱ्यात असलेल्या नेहमीच्या इमारतीत त्याने फारसं बिघडत नाही. इथे खांब मध्यावर होते. तिरपा वारा एकाच वेळी दोन बाजूंवर दाब देतो. प्रत्येक बाजूवरचा दाब सरळ वाऱ्याच्या सुमारे ०.७ पट. काही दांड्यांत हे दोन परिणाम एकमेकांना मारतात आणि ताण शून्यावर येतो. उरलेल्यांत ते एकमेकांत मिळतात: ०.७ अधिक ०.७, म्हणजे १.४. लमेझर यांनी १९७८ मध्ये पुन्हा हिशोब मांडला तेव्हा निम्म्या दांड्यांत हीच ४० टक्के वाढ निघाली.

दुसरी गोष्ट सांध्यांची. मूळ डिझाइनमध्ये दांडे एकमेकांना पूर्ण खोलीचं वेल्डिंग करून जोडायचे होते. पोलाद पुरवणाऱ्यांनी सुचवलं की इतक्या मजबुतीची गरज नाही, बोल्टने काम होईल आणि सुमारे अडीच लाख डॉलर वाचतील. लमेझर यांच्याच न्यूयॉर्क ऑफिसने ते मान्य केलं. यात नियमबाह्य काही नव्हतं, असे बदल साइटवर रोजच होतात. पण बोल्ट किती लावायचे याचा हिशोब करताना जी पद्धत धरली, तिने घात केला.

हा भाग वर्गात मी फळ्यावर आकडे घालून दाखवतो. आकडे समजावण्यापुरते आहेत, इमारतीतले नाहीत. समजा वाऱ्यामुळे सांध्यावर १०० एकक ओढ येते. इमारतीचं स्वतःचं वजन त्याच सांध्याला ७५ एककाने दाबून धरतं. बोल्टला झेलायची ओढ उरली २५. बोल्ट २५ च्या हिशोबाने लावले. आता वारा ४० टक्क्यांनी वाढला, ओढ झाली १४०. वजन काही वाढलं नाही, ते ७५ च. बोल्टवर आले ६५. म्हणजे वारा ४० टक्क्यांनी वाढला, पण बोल्टवरचा भार १६० टक्क्यांनी. लमेझर यांना या इमारतीच्या सांध्यांत नेमकी एवढीच वाढ मिळाली. दोन मोठ्या संख्यांच्या वजाबाकीवर सुरक्षितता टांगली की काय होतं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला आजवर सापडलेलं नाही. पूर्ण वेल्डिंग असतं तर ही वाढ सांध्याने पचवली असती.

कॅनडात वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात अ‍ॅलन डॅव्हनपोर्ट यांनी या इमारतीच्या वाऱ्याच्या चाचण्या केल्या होत्या. लमेझर जुलै १९७८ मध्ये त्यांच्याकडे गेले. खऱ्या झोतांत, झुलत्या इमारतीत, परिस्थिती कागदावरच्या ४० टक्क्यांपेक्षाही वाईट होऊ शकते असं उत्तर मिळालं. मेन राज्यातल्या सेबॅगो तलावातल्या बेटावर लमेझर यांचं घर होतं. तिथे एकांतात बसून त्यांनी सांधा न् सांधा तपासला. सगळ्यात कच्चा सांधा तिसाव्या मजल्यावर निघाला. तो गेला की इमारत गेली.

चूक पकडली कुणी? एका विद्यार्थिनीने, हे खरं आहे का?

डायन हार्टली १९७८ मध्ये प्रिन्स्टनला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होत्या. प्रबंधासाठी त्यांनी ही इमारत घेतली, लमेझर यांच्या कंपनीच्या न्यूयॉर्क ऑफिसकडून नकाशे मिळवले, आणि तिरप्या वाऱ्याचा हिशोब मांडला. ताण जास्त येतोय हे त्यांना दिसलं. ऑफिसमध्ये विचारलं तर काळजीचं कारण नाही असं सांगण्यात आलं. वयाने आणि अनुभवाने लहान माणसाने तेवढ्यावर थांबणं स्वाभाविक होतं. त्यांनी प्रबंध सादर केला आणि विषय तिथे संपला.

लमेझर पुढे सांगत की एका विद्यार्थ्याच्या फोनमुळे ते विचारात पडले. त्या विद्यार्थ्याचं नाव त्यांना आठवत नव्हतं. हार्टली त्यांच्याशी स्वतः कधीच बोलल्या नव्हत्या. आपल्या प्रश्नाचा या सगळ्याशी संबंध होता हे त्यांना अनेक वर्षांनी टीव्हीवरच्या माहितीपटातून कळलं. नंतर न्यू जर्सीतल्या एका वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही आपण लमेझर यांना फोन केला होता असं सांगितलं. दोघांनीही विचारलं असणं अगदी शक्य आहे.

माझ्या वर्गातल्या मुली हा प्रश्न हमखास विचारतात, आणि मी त्यांना हार्टलींचं नाव वहीत लिहून घ्यायला लावतो. गणित बरोबर होतं. ते समोर आल्यावर पुन्हा तपासून पाहणं हे ऑफिसचं काम होतं.

"सोळा वर्षांचं वादळ" म्हणजे काय?

तो सांधा मोडेल इतकं जोरदार वादळ न्यूयॉर्कमध्ये सरासरी १६ वर्षांतून एकदा येतं, असा त्याचा अर्थ. दर सोळाव्या वर्षी येतं असा नव्हे. कोणत्याही एका वर्षात १६ पैकी १ शक्यता. पन्नास वर्षं इमारत तशीच ठेवली तर ते वादळ एकदा तरी गाठण्याची शक्यता ९६ टक्के येते, कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहा. डँपर चालू असेल तर हा आकडा ५५ वर्षांपर्यंत जात होता. पण डँपरला वीज लागते, आणि मोठ्या वादळात पहिली जाते ती वीजच.

दुरुस्ती कशी केली?

लमेझर यांनी स्टबिन्सना, वकिलांना, विमा कंपनीला आणि मग बँकेला सांगितलं. वर्ल्ड ट्रेड सेंटरचे इंजिनिअर लेस्ली रॉबर्टसन यांना सल्लागार म्हणून घेतलं. बँकेचे अध्यक्ष वॉल्टर रिस्टन यांनी दोष कुणाचा यात वेळ न घालवता कामाला मान्यता दिली. हे त्या सगळ्यांच्या बाजूने ठामपणे नोंदवलं पाहिजे: कच्चा सांधा सापडल्यापासून काही दिवसांत वेल्डर कामाला लागले.

उपाय समजायला सोपा होता. दोन इंच जाडीच्या, सहा फूट लांबीच्या पोलादी प्लेटा बोल्टच्या सांध्यांवर दोन्हीकडून वेल्ड करायच्या. असे सांधे दोनशेहून अधिक. करायला मात्र जिकिरीचं काम, कारण इमारत चालू होती, दिवसा ऑफिसं भरलेली. संध्याकाळी लोक घरी गेले की सुतार येत, सांध्याभोवती प्लायवुडची खोली उभी करत, गालिचा गुंडाळून ठेवत, भिंतीवरचं जिप्सम काढत. रात्री आठला वेल्डर आत शिरत आणि पहाटे चारपर्यंत ठिणग्या उडत. त्यानंतर सफाईवाले. सकाळी कारकून टेबलाशी येऊन बसे तेव्हा त्याला धुराचा वास आला तर आला, बाकी मागमूस नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त आपुलकी वाटते ती या वेल्डरांबद्दल. सहा फुटी प्लेट हातगाडीवरून लिफ्टने वर न्यायची, भिंत आणि दांडा यांच्यामधल्या अरुंद जागेत गुडघ्यावर बसून जागेवर धरायची, आणि आठवड्यामागून आठवडे रोज रात्री हेच. माझ्या ओळखीच्या वेल्डरांना ही गोष्ट सांगितली की ते एकच विचारतात, पोझिशन कुठली होती? उभा सांधा आणि डोक्यावरचा सांधा वेल्ड करणं यांत किती फरक आहे, हे ज्याने हातात होल्डर धरलाय त्यालाच कळतं.

सोबत सांध्यांवर ताण मोजणारी यंत्रं बसवली, हवामानतज्ज्ञ नेमले, आणि शहराच्या अधिकाऱ्यांबरोबर व रेडक्रॉसबरोबर आसपासचा भाग रिकामा करायची योजना गुपचूप तयार ठेवली.

वादळ आलं का?

सप्टेंबर १९७८ च्या सुरुवातीला 'एला' नावाचं चक्रीवादळ अटलांटिकमधून किनाऱ्याच्या दिशेने सरकू लागलं. तोवर महत्त्वाचे बरेच सांधे झाले होते, सगळे नाही. वादळ समुद्राकडे वळलं. ऑक्टोबरपर्यंत काम पूर्ण झालं, आणि त्यानंतर इमारत ७०० वर्षांतून एकदा येणारं वादळही झेलू शकेल असा हिशोब मांडला गेला.

एवढं सगळं होऊन वर्तमानपत्रांत काहीच कसं आलं नाही?

बँकेने मोघम पत्रक काढलं होतं: नव्या माहितीनुसार काही जोड मजबूत करत आहोत. एवढ्यावर पत्रकार खोदायला लागलेच होते, पण ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या मोठ्या वर्तमानपत्रांत संप सुरू झाला आणि तो नोव्हेंबरपर्यंत चालला. गोष्ट दबली ती पुढे १७ वर्षं. १९९५ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात जो मॉर्गनस्टर्न यांनी सविस्तर लिहिलं तेव्हा ती जगाला कळली.

लमेझर यांना दोषी धरायचं की आदर्श?

अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या नीतिशास्त्राच्या तासाला ही घटना बहुतेक वेळा आदर्श म्हणून शिकवतात. चूक कळल्यावर स्वतःहून जाऊन सांगणं, करिअर पणाला लावणं, ही लहान गोष्ट नाही. बँकेने खटला भरला नाही. लमेझर यांच्या विम्यातून २० लाख डॉलर घेतले, खर्च त्याहून बराच अधिक आला होता. विमा कंपनीने त्यांचा हप्तासुद्धा वाढवला नाही. २००७ मध्ये ते वारले तोपर्यंत त्यांचा मान कायम होता.

मी त्यांना अर्धा आदर्श मानतो. बँकेला सांगितलं, शहराला सांगितलं, पण त्या टॉवरमध्ये रोज लिफ्टने चढणाऱ्या माणसांना आणि आजूबाजूच्या घरांत झोपणाऱ्यांना सांगितलं नाही. घबराट पसरेल हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे त्याला त्या छपराबद्दल माहिती असण्याचा हक्क आहे, मग ते न्यूयॉर्क असो की आपल्याकडची पागडीची चाळ. चाळीत राहणाऱ्याला निदान 'सी-१, धोकादायक' अशी नोटीस तरी लागते. दुसरं नुकसान आमच्या धंद्याचं झालं. या १७ वर्षांत जगभर मध्यावर खांब असलेल्या इमारतींची कितीतरी डिझाइनं झाली असतील, आणि त्या इंजिनिअरांना हा धडा उपलब्धच नव्हता.

नव्या संशोधनाने ही सगळी गोष्टच खोटी ठरवली म्हणतात?

खोटी नाही ठरवली, बारीक केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आधुनिक विंड टनेलची आकडेवारी वापरून हा आकार पुन्हा तपासला, आणि तिरप्या वाऱ्याचा परिणाम सरळ वाऱ्यापेक्षा जास्त भरत नाही असं त्यांना आढळलं. खरा वारा दोन्ही बाजूंवर पाठ्यपुस्तकातल्यासारखा ०.७ पटींनी आदळत नाही. तरीही १९७८ च्या ज्ञानावर, १९७८ च्या आकड्यांवर लमेझर यांनी जे केलं ते बरोबरच होतं. समोरचा हिशोब इमारत पडेल असं सांगत असताना दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

इमारत आता कुणाची आहे?

बँकेची नाही. नव्या शतकाच्या सुरुवातीला ती बोस्टन प्रॉपर्टीज या कंपनीकडे गेली, आणि पुढे नावही बदलून पत्त्यावरून '६०१ लेक्सिंग्टन अव्हेन्यू' झालं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये, एक खांब स्फोटापासून संरक्षण म्हणून आणखी मजबूत केला. २०१६ मध्ये शहराने तिला वारसा वास्तूचा दर्जा दिला. खालच्या खोलगट चौकातलं कारंजं मात्र त्यानंतर लगेच, २०१७ मध्ये, पाडलं गेलं. वारशाचा दर्जा त्याला वाचवू शकला नाही, याचं तिथल्या वास्तुप्रेमींना अजून वाईट वाटतं. २०२१ च्या जानेवारीत पाण्याची मोठी पाइपलाइन फुटून सेंट पीटर्स चर्चमध्ये पाणी भरलं आणि आतल्या रचनेचं मोठं नुकसान झालं.

न्यूयॉर्कला गेलो तर काय पाहू?

लेक्सिंग्टन अव्हेन्यू-५३ स्ट्रीट स्टेशनवर उतरा. वर आलात की डोक्यावर टॉवरचा कोपरा आणि त्याखाली चर्च. आधी मान वर करून त्या कोपऱ्याचा तळ पाहा, मग डोळ्यांनी जवळचा खांब शोधा आणि तिथपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा. चर्च उघडं असेल तर आत बसा. प्लेटा दिसणार नाहीत, त्या अजून तिथेच आहेत, भिंतींच्या आत, जशा वेल्ड केल्या तशा.